कडक उंडो

कायतान म्हणाला, ठोका पडतो तिथे वाजवायचंच नाही.
दोन ठोक्यांमध्ये जागा सुटते, तिथे घुसायचं.
मी देवळातला तबलजी. मला वाटलं
हा खालीबद्दल बोलतोय.
तसा तो बोलतही होता.

कुडचडे, सत्त्याण्णव साल. रात्रंदिवस खाणीचे टिप्पर.
देमेतच्या गॅरेजात आमची तालीम,
साखळीला टांगलेल्या इंजिनाखाली सहाजण
आणि लाल धूळ, जी ट्रॉम्बोनच्या नळीत शिरायची
आणि कायतानने फुंकर मारली
की समोरच्याच्या सदऱ्यावर उतरायची.
तो मयतांच्या बँडमधला माणूस.
कबरीपर्यंत चालत जाणारी चाल
चौपट वेगाने पळवली तर काय होतं
हे त्याला फार आधी कळलं होतं, म्हणे,
पण विचारणार कोणाला? पाद्रीला?

नाव ठेवलं कडक उंडो.
टाय शिवले काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे,
गुलाबीनबायच्या बलकांवातल्या लादीसारखे.
नळाला पाणी नाही यावर एक गाणं, चाळीस सेकंदांचं.
पाणीही तेवढंच यायचं.

अकरा कार्यक्रम झाले. एका लग्नातून हाकलले.
सावर्ड्याच्या फेस्ताला तिसऱ्या गाण्यात वीज गेली,
गिटार गेली, गळा गेला,
मी काठ्या वर धरून अंधारात थांबलो.
पितळेला वीज लागत नाही.
ट्रॉम्बोन आणि बार्तोलचं ट्रंपेट चालूच राहिलं
आणि ती मधली जागा, जी गिटारने भरायची,
ती लोकांनी पायांनी भरली.
दोनशे चपला, सगळ्या चुकीच्या मात्रेवर,
सगळ्या एकदम.
असं मी पुन्हा ऐकलं नाही.

कॅसेट काढली. दोनशे प्रती. एकाहत्तर गेल्या.
उरलेल्यांची फीत मामाने उपसून
वायंगणाच्या शेतात बांधली, पाखरं राखायला.
वारा आला की घुमायची.
आमचं सर्वांत लांब चाललेलं वादन तेच, तीन महिने.

मग कायतान स्विंडनला, गोदामात खोकी भरायला.
पुढचे दोन दात पडले तेव्हा ट्रॉम्बोन विकला,
ते मला त्याच्या बहिणीने सांगितलं, त्याने नाही.
बार्तोल बोटीवर. गॅरेजात आता मोबाईलचं दुकान.
खाण बंद पडली, धूळ बसली,
आणि भजनात बुवा अजून मान वळवून बघतात:
सगूण, समेवर ये.
येतो. पण जरा रेंगाळून येतो.

हल्ली आमच्या वाड्यावर पाव घेऊन येतो तो बसू,
गदगकडचा, एकोणीस-वीस वर्षांचा.
भट्टीपाशी मिंगेलचा जुना टेप आहे, पिठाने पांढरा,
आत एकच कॅसेट, अडकलेली, बाहेर निघत नाही.
रात्रभर कणीक मळताना तीच.
कोणाची, हे त्याला माहीत नाही. मिंगेलही विसरला.

पहाटे सायकल वळणावर येते.
पायडल खाली जातं तेव्हा भोंगा गप्प.
पायडल वर येताना पोंय.
गप्प, पोंय. गप्प, पोंय.
मी बनियनवरच फाटकापर्यंत जातो.
घरात खाणारे दोघे, मी सहा उंडे घेतो.
असा का वाजवतोस रे, विचारलं एकदा.
कसा, म्हणाला.
आणि सुट्टे नाहीत, उद्या द्या, म्हणत
पुढच्या घराकडे वाजवत गेला.