आकडा

कलाताई सणसांचा फोन येतो पहाटे चारला,
आणि त्या एवढंच म्हणतात, "ब्रश घेऊन या."
मग समजायचं, तेल वाढलंय,
नाहीतर मटकी, नाहीतर दोन्ही.

मी डेपोत एकतीस वर्षं
बसच्या कपाळावर नंबर काढले.
आता हा एवढा एक पत्रा उरलाय
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमागे,
शेगडीच्या वर, वाफेनं कायम घामेजलेला:
उसळ-पाव. पोहे. शिरा.
झुणका-भाकर सहापर्यंतच.

मी पत्रा पुसतो तोवर त्या बोटांच्या पेरांवर मोजतात.
गॅस धरला, पाववाला धरला,
पोराचा पगार धरला, स्वतःचा धरला नाही.
"छत्तीस होतायत हो."
छत्तीस लिहू?
"नको बाई. गिऱ्हाइकाशी छत्तीसचा आकडा
भल्या पहाटे कोण मांडतंय!
पस्तीस करा. एक मी गिळते."

तीन तसाच ठेवला.
शून्य खरवडलं, तर खाली बावीसमधला दोन,
त्याखाली अठरातला आठ,
आणि अगदी तळाशी, गंजाला चिकटून,
एक वाकडा सात.
तो माझ्या हातचा नव्हे.
त्यांच्या मिस्टरांचा असणार.
कलाताई मिरच्या चिरत होत्या, चिरायच्या थांबल्या.
मी घाईनं पाच काढला. जरा जाडच आला.

सव्वापाचला गाड्या रिकाम्या करून माथाडी आले.
कोंडिबा धनावड्यांनी आपला आकडा
खुंटीला अडकवला, माझ्या आकड्याच्या शेजारी.
त्यांचा लोखंडाचा, टोकाला गोणपाटाचं तूस.
माझा अजून ओला.
यावर काहीतरी बोलावं असं सुचलं होतं,
पण उपाशी माणसांना काय सांगायचं.

पाटीकडे कुणी बघितलंच नाही.
रोजची माणसं ताटलीत बघतात.
मग महाप्याहून रात्रपाळी सुटलेला एक पोरगा,
गळ्यात अजून कंपनीचा पट्टा,
मोबाइल धरला त्यानं, आणि खोक्यातली बाई
सगळ्यांदेखत खणखणीत बोलली:
"पस्तीस रुपये प्राप्त झाले."

चमचे थांबले.
"पस्तीस?" कोपऱ्यातून कुणीतरी.
कलाताईंनी पाठ फिरवून रस्सा ढवळायला घेतला.
त्याला ढवळायची काही गरज नव्हती.

कोंडिबांच्या तोंडात घास.
तो त्यांनी सावकाश खाली उतरवला.
"रस्सा आण गं कला,
पाव कोरडा पडलाय माझा."

मग भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला,
आधीपेक्षा थोडा कमी.

भाव वाढेल त्या दिवशी माझी प्लेट फुकट,
हा आमचा जुना करार.
खायला बसलो. अंगठ्यावरचा पांढरा रंग
पावाला लागला. तेवढा तुकडा मोडून
ताटलीच्या कडेला ठेवला.
ताटली उचलणारा पोरगा म्हणाला,
"काका, टाकलात?"

नाही रे, म्हटलं,
आणि तो रुमालात बांधून घेतला.