आतला कोपरा

हवालदार हुगारांनी पिशवीतून काढून
टेबलावर ठेवल्या दोन चौकटी.
नळी नाही, चाक नाही, मूठही उतरवलेली.
रिव्हॉल्व्हर असं उघडं पडलं की
त्याची भीती वाटत नाही,
जुन्या दाराच्या कडीकोयंड्याइतकंच ते.

एकीची वरची पट्टी तडकलेली.
चांदमारीत, म्हणाले, सहाव्या गोळीला.
त्यांच्या भुवईवर अजून टाक्यांचा काळा दोरा.
"येनात री, म्याडम?"
मी मनात मराठी केलं: काय घडलं?
आणि तिथंच अडले.
आमच्या घरात घडणं एवढं सोपं क्रियापद नाही.

बाबा, शट्टुप्पा, उद्यमबागेत एकतीस वर्षं मोल्डर.
जन्मभर ओतत आले.
मामा, भरमाण्णा, मच्छेत हॅमरवर.
जन्मभर घडवत आले.
दिवाळीला दोघं एका पाटीशी बसले
की चकली मोडायच्या आधी हाच वाद.
मामा ओरडूनच बोलणार, कान हॅमरनं नेलेत:
"तुमचं ते वाळूतलं लापशीचं काम, दाजी!
लोखंडाला मार बसला पाहिजे की.
मार खाल्लेलं लोखंड विसरत नाही."
बाबा आधी खोकणार. मग हळू:
"मारून मारून तुझं एका अंगालाच वळतंय.
माझं चारी अंगांनी सारखं.
थोडं जाड ठेवायचं, बस,
आणि निवताना त्याला तहान लागते,
तेवढं पाजायचं."

या वेळी मामांनी फोनवरच निकाल दिला:
"तडकलेली ती ओतीव. लिहून टाक."

मी लिहिलं नाही. कापलं.
घासलं, आधी एमरीवर, मग मखमलीवर,
पोलादात माझंच नाक दिसेपर्यंत.
ॲसिडचा थेंब. पाच आकडे. नळाखाली.
भिंग.

तडकलेली घडीव होती.
केवढ्या सुंदर रेघा!
खानापूरच्या उतारावरच्या भातखाचरांच्या बांधांसारख्या
सगळ्या मिळून वळलेल्या.
फक्त पट्टी जिथं उभ्या अंगाला मिळते
तिथं कुणीतरी शिफ्ट संपता संपता कटर चालवून
नेमका काटकोन काढला होता.
रेघा मधेच छाटलेल्या, तोंडं उघडी.
तड तिथूनच निघाली होती.

शाबूत होती ती ओतीव.
कंबरेत बेढब, हाताला जड,
आत टाचणीच्या टोकाएवढं एक भोक,
तहान राहून गेल्याचं.
पण कोपरे सगळे गोल,
जणू मेणाच्या नमुन्यावर कुणी
ओलं बोट फिरवलं होतं.

शनिवारी तिसऱ्या गेटवरून
दोघं एकाच रिक्षानं लॅबमध्ये आले.
मला वाटलं, बाबा आज तरी मोठ्यानं बोलतील.
ते भोकावरच अडकले:
"रायझर कुठं ठेवला होता यांनी?
इकडून पाजायला पाहिजे होतं."
मामांनी भिंगातून डोळा काढलाच नाही.
बराच वेळ. मग लॅबभर ऐकू जाईल असं पुटपुटले:
"काय घडवलंय, दाजी. या, बघा की.
कापणाऱ्याचे हात मोडायला पाहिजेत."
बाबा गेले. वाकले. पाहिलं.
"होय की," म्हणाले, आणि खोकले.

हुगारांचा फॉर्म कन्नडमध्ये.
अक्षरं जुळवत एका रकान्याशी आले:
कारण.
हा शब्द दोन्हीकडे एकच.
त्यासमोर ओतीव लिहायला जागा होती,
घडीवही मावलं असतं.
मी लिहिलं: आतला कोपरा. गोलाई ठेवली नाही.

हुगार वाचून थांबले,
भुवईच्या दोऱ्यावरून बोट फिरवलं,
आणि विचारलं,
"इष्टं?" एवढंच?