आगटीशिवाय

जानेवारीत शाळेची सहल मंगळवेढ्याकडं गेली, हुरड्याला.
सिंधुजा परत आली ती स्वेटरभर धूर घेऊन,
नखांत राख, ओठांवर कोवळ्या ज्वारीचा हिरवा कोंडा,
आणि डोक्यात एकच गोष्ट:
बाईंनी काडीला टोचून आगटीवर धरलेली
ती पांढरी, फुगणारी मिठाई,
बाहेरून करपलेली, आतून चिकट,
दोन बिस्किटांत चॉकलेटसकट दाबलेली.
तिचं नाव लेकीला चार महिने आठवलं नाही.
चव मात्र रोज सांगायची.

आता मे.
विडी घरकुलातले पत्रे दुपारी टकटक वाजतात,
सिलिंडर रविवारपासून रिकामा,
आणि ही म्हणते, आई, गच्चीवर आगटी करू.
मी म्हटलं, बाई गं, चव्वेचाळीस डिग्रीत
आगटी करायची नसते,
आपण आगटीतच बसलेलो असतो.

तरी सामान निघालं.
ग्लुकोज बिस्किटांचे दोन पुडे,
सात रस्त्यावरून आणलेलं जाडजूड चॉकलेट,
त्या पांढऱ्या गोळ्यांची पिशवी
(दुकानदार म्हणाला, ताई, हे खातात की उशीत भरतात?)
आणि भाजके शेंगदाणे, कारण
शेंगांवाचून सोलापुरात
काय पुरं झालंय आजवर?

बिस्किटं खलबत्त्यात भरड कुटली.
चॉकलेट स्टीलच्या डब्यात घालून
डबा उन्हात ठेवला,
वर कारखान्यातला डागी टॉवेल, मुंग्यांसाठी.
नवव्या मिनिटाला कडा बसल्या.
विसाव्या मिनिटाला चमचा आपणहून बुडाला.
गॅस नाही, काडी नाही, फुंकर नाही.

नरसव्वा अत्ता मांडीवरचं सूप बाजूला ठेवून आली.
डब्यात डोकावून म्हणाली, "निप्पु लेकुंडा?"
विस्तवाशिवाय?
वर सूर्याकडं बोट केलं मी.
तिनं मान हलवली,
तिला हा विनोद पस्तीस उन्हाळे पाठ आहे.

माझे लाडू चपटे. सिंधुजाचे तळव्यालाच राहिलेले.
अत्ता नळावर गेली,
हात धुतले साबणानं, मग चिंचेनं, मग राखेनं,
मग परत साबणानं.
आणि बसली.
हजार विड्या रोज वळणारा तो अंगठा
चिमूटभर सारण घेई, मधे पांढरा तुकडा,
एक फिरकी, दुसरी,
की गोळी ताटात, शेजारणीसारखीच हुबेहूब.
पंचवीस झाल्या तेव्हा तिची बोटं थांबली,
दोरा शोधत राहिली कट्टा बांधायला.
एकूण भरल्या एकतीस.
एक कट्टा, वर सहा.

बोल्लींच्या फ्रीजमध्ये, लोणच्याच्या बरणीशेजारी,
दिवेलागणीपर्यंत.

सिंधुजानं तोवर ट्रंकेतून स्वेटर काढला.
नाक खुपसलं त्यात.
मी फेब्रुवारीतच धुतला होता तो.
डांबरगोळ्यांचा वास, बाकी काही नाही.
ती माझ्याशी बोलली नाही,
ताटातली एक गोळी उचलून तोंडात टाकली,
डोळे मिटले.

"आई, याला धूर लागलाय."

अत्तानं झटकन हात पदराखाली घेतले.
मला तो वास ओळखीचा होता.
चार वेळा धुऊनही गेला नव्हता,
जन्मात एकही विडी न ओढलेल्या बाईच्या
बोटांतला तंबाखू.
मी काहीतरी बोलणार होते, दूध, सर्दी, फ्रीजचा वास,
पण लेकीनं दुसरी उचलली,
गालात धरून म्हणाली,
"हाच. अगदी हाच होता तिथं."

अत्ता बघत राहिली तिच्याकडं.
"बागुंदी?" तिनं विचारलं, हळूच,
जणू उत्तर तिऱ्हाइताकडून यायचंय.
"बागुंदी," तोंड भरलेलं.

पदराखालून एक हात निघाला.
वरच्या सहा गोळ्या तिनं कागदात घेतल्या,
कनवटीचा दोरा काढून
दोन वेढे, एक गाठ.
भाऊ रात्रपाळीला गेलाय तिचा,
टॉवेलच्या मागावर,
सकाळपर्यंत त्या वितळणार, हे तिला ठाऊक होतं.
तरी गाठ तिनं पक्की मारली.