पिवळं आधी गळू दे

निपाणीच्या वखारीत आई बावीस वर्षं
जर्दा चाळत होती.
तळहाताच्या भेगांत तंबाखू असा मुरलेला
की तिनं भरवलेला पहिला घास कडू लागायचा.
आम्हाला वाटे, भातच तसा असतो.

कोपरापर्यंत पुरळ. लाल, बारीक.
रात्री खाजवल्याचा आवाज,
कुणी पोतं ओढत नेतंय तसा.

शेजारची निंगव्वा एकदा दारात थांबली.
तिला मराठी बाजारापुरतं,
आईला कन्नड बसच्या पाटीपुरतं.
हात उलटा करून विचारलं तिनं, "उरी ऐतेन?"
आई म्हणाली, "होय गे, उरी पण हाय.
धूळ बसलीय. खोकला सोडत न्हाई."
निंगव्वा हाताच्या जळजळीचं विचारत होती.
तिच्याकडे उरी म्हणजे आग.
चुकलंय हे दोघींना कळलं नाही,
आणि तसं चुकलं तरी कुठे?

संध्याकाळी ती आली फुटक्या बादलीसकट.
बादलीत लोळेसर, आमची कोरफड.
एक पात कापली, भिंतीला तिरकी टेकवली.
आई लगेच बोट लावायला गेली
तर मनगट दाबून धरलं तिनं:
"थांब गे. पिवळं आधी गळू दे. तेच खाजतंय."

मग काटे तासून, साल सोलून
काचेसारखा गर, मनगटापासून वर.
आई बोलली नाही काही.
तिचे खांदे खाली आले.
त्यांना खाली यायला जागा होती
हे मला तोवर माहीत नव्हतं.

खाज गेली ती वखार सुटल्यावरच.
गरानं फक्त झोप दिली.
फक्त.

आता मी बेळगावात, खडेबाजारच्या पार्लरात.
हिरवी ट्यूब, दोनशे ऐंशी रुपये.
"उजळतं काय हो यानं?" विचारतात बायका.
नाही म्हणते मी. रापलेलं निवतं जरा,
ओल टिकते. गोरं कुणी होत नाही.
मालकीण टेबलाखालून पाय दाबते.

परवा नव्या पोरीच्या हातावर वॅक्स सांडलं.
हुक्केरीची दानम्मा, आठ दिवस झालेत येऊन.
नळाखाली धरला तिचा हात बराच वेळ.
ट्यूब समोरच होती,
तरी मी मागच्या कुंडीकडे गेले.

"उरी ऐतेन?"
तिनं मान हलवली, डोळे पुसले.
पात टेकवली आहे भिंतीला.
थेंब थेंब पिवळं उतरतंय फरशीवर.
बाहेर दोन गिऱ्हाइकं खोळंबलीत.