तेरावा महिना

मेकेलेच्या शाळेत मी एकोणीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं.
तीन आठवड्यांचा गर्भ फळ्यावर काढायला
मला खडूचे तीन रंग लागत,
निळा नेहमी कमी पडे.

आधी एक सपाट पट्टी, मी सांगायचे.
मग तिच्या कडा उचलल्या जातात,
मधे पन्हळ पडते,
कडा कलत कलत मानेपाशी एकमेकींना भेटतात
आणि तिथून मिटत जातात,
वर डोक्याकडे, खाली माकडहाडाकडे.
झाली चेतानलिका. पुढचं पान.

अबरेहेतला दहापैकी दहा.
पन्हळीतली सावलीसुद्धा तिने
पेन्सिलीने घोटून काढली होती.

पुढे ती बाजारात मीठ विकायला बसली.
दानाकिलहून उंटांच्या पाठीवर आलेल्या लाद्या
करवतीने कापायची,
आणि मला पाहिलं की चिमूटभर जास्त.

पहिली मुलगी झाली.
भुवयांच्या वर काही नव्हतं.
डोळे होते, कानाच्या पाळ्या होत्या,
दुपारपासून देवळाच्या सांजघंटेपर्यंत श्वास होता.
तिथे मुलींचा बाप्तिस्मा ऐंशीव्या दिवशी करतात.
ही पहिल्याच दिवशी अडली.

दुसरा मेहरेताब.
पाठीच्या तळाशी पेरूएवढी पिशवी,
इतकी पातळ की पलीकडचा उजेड दिसावा.
तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ती आत घेऊन शिवली.
टाके छान बसले.
पाय मात्र त्याचं ऐकत नाहीत.

वॉर्डात नर्स लेतेब्रहानने
डब्यातली इंजेरा उचलली,
आपल्या घावनासारखी जाळीदार, आंबूस,
तिची गुंडाळी केली
आणि एका टोकाशी दोन बोटं उघडी ठेवली.
“हे असं राहून गेलं,” म्हणाली.
“माहीत आहे,” अबरेहेत म्हणाली,
“मी चित्र काढलं होतं.”
मग माझ्याकडे वळून, अगदी आदराने,
“मिस, तुम्ही तारीख सांगितली नव्हती.”

नव्हती सांगितली.
परीक्षेत तारखेला गुण नव्हते.
अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत दोन्ही तोंडं मिटलेली असतात.
बाई तेव्हा पाळी चुकली की लांबली
हे बोटांवर मोजत असते,
आणि आतला गवंडी काम उरकून, हात धुऊन
केव्हाच घरी गेलेला असतो.
फॉलिक अॅसिड द्यायचं तर त्याच्याही आधी,
कोणी येणार आहे हे ठरण्याआधी.
“तरी सगळं टळतं असं नाही,” लेतेब्रहान म्हणाली.
“पुष्कळ टळतं.”
तिला खोटा धीर देता येत नाही,
म्हणून बाया तिच्याकडेच जातात.

माझ्या भाषेत म्हण आहे, दुष्काळात तेरावा महिना.
स्टाफरूममध्ये एकदा तिचा अर्थ सांगितला
तर सगळे खो खो हसले.
त्यांच्याकडे तो दर वर्षीच येतो, पागुमे,
पाचच दिवसांचा, लीप असेल तर सहा.
पहाटे पावसाच्या पाण्याने अंघोळ करतात,
ते पाणी त्या दिवसांत पवित्र मानतात.
मी कधी केली नाही. थंडी फार.

या पागुमेत मी अबरेहेतकडे गेले.
केस अजून ओले होते तिचे.
मिठाच्या पैशातून आणलेल्या गोळ्या
कोरड्या राहाव्यात म्हणून कॉफीच्या डब्यात ठेवलेल्या,
छोट्या, पिवळ्या.
तिने एक जिभेवर ठेवली
आणि उभ्यानेच पाणी प्यायली.

“कोणासाठी?” मेहरेताबने चाकाच्या खुर्चीतून विचारलं.
पाच वर्षांचा आहे, सगळं विचारतो.
“अजून कोणासाठीच नाही.”

त्याने रिकामं पाकीट मागून घेतलं,
मांडीवर ठेवून त्याचा चंदेरी कागद
नखाने सपाट करत बसला.
कडा पुन्हा पुन्हा
आपोआप वर येत होत्या.