सी व्ह्यू

बाबा फोर्टातल्या ऑफिसात बसून
कुटुंबंच्या कुटुंबं
क्रीटला, माल्टाला पाठवायचे.
आम्हाला मार्वेच्या धक्क्यावरून
मनोरीला. दहा मिनिटांची फेरीबोट,
आईच्या मांडीवर स्टोव्ह.

बर्नाडेट मावशींची मागची खोली:
खिडकीत वलांडी, वलांडीवर बोंबील,
त्यांच्यामधून दिसेल तेवढा समुद्र.
"सी व्ह्यू," बाबा म्हणाले, ऑफिसच्या आवाजात.
आई नाकाला पदर लावून हसली.
तिसऱ्या दिवशी पदर विसरली.

मावशींच्या इग्नेसला मी विचारलं,
तुम्ही सुट्टीत कुठे जाता रे?
तो जाळ्यातून खेकडा सोडवत होता,
एकेक नांगी, घाई न करता.
म्हणाला, आत्याकडे, जव्हारला.
तिथे रात्री काहीच वाजत नाही.
पहिले दोन दिवस
झोपच लागत नाही.

निघताना बाबांनी भाड्यासोबत
ऑफिसचं गेल्या वर्षीचं कॅलेंडर दिलं:
निळे घुमट, पांढऱ्या भिंती,
बंदरात रंगीत होड्या, ओळीने, रिकाम्या.
मावशींनी हात पुसले, चष्मा लावला,
बराच वेळ पाहत राहिल्या.

"होऱ्या सगल्या काठाला," त्या म्हणाल्या,
"कोन मेलाय का गावान?"