फणसोंबा

सहम गावाबाहेर, खजुराच्या बागा संपतात तिथे
पत्र्याची लांबलचक शेड.
बाहेर सत्तेचाळीस, आत चोवीस.
दार चुकून उघडं राहिलं की मुहन्ना ओरडतो,
"अरे, पाऊस पळाला!"
आमचा पाऊस टायमरवर चालतो:
दर वीस मिनिटांनी नव्वद सेकंद धुकं.

मी इथे अळंबी राखते.
खजुराच्या झावळ्यांचा भुसा, गव्हाचा कोंडा, चिमूटभर चुना,
पिशव्या भरायच्या, वाफेवर शिजवायच्या,
निवल्या की ज्योतीपाशी श्वास रोखून पेरायच्या.
बी म्हणजे पांढरी बुरशी चढलेली ज्वारी.
पहिल्या दिवशी मी म्हटलं होतं,
अशी ज्वारी आमच्या कोंबड्यासुद्धा टाकून देतील.

रेशी हट्टी असते.
हवा कोंडली की सांबराच्या शिंगांसारखी वाढत सुटते,
नुसती बोटं, वर, आणखी वर, चाचपडत.
मोकळी हवा मिळाली की थांबते
आणि आडवी पसरून पंखा होते.
मुहन्नाला पंखे हवेत. शिंगांना गिऱ्हाईक नाही.
जुलैत एक्झॉस्ट जळला, आठ दिवस पार्ट आला नाही,
तीन नंबरच्या खोलीत शिंगांचा कळप उभा राहिला.
दिलकुमारी बघत राहिली.
"आमच्या खोलीत पण आठजणी आहोत, दीदी. खिडकी एक."
मग झाडू मारायला लागली.

सुकवायची, दळायची, उकळून अर्क काढायचा,
कॅप्सूल पाचशे मिलिग्रॅमची.
डबीवर 'बरं करतं' असं छापता येत नाही.
'साथ देतं' चालतं.
शफीकुल रोज दोन खातो, कंबरेसाठी.
फरक पडला का विचारलं, तर म्हणाला,
"कंबर तीच आहे. पण आता एकटी नाही."

मार्चमध्ये फुफू आली
तेव्हा नारळाच्या वड्यांच्या डब्यात, ओल्या फडक्यात
फणसोंबा घेऊन आली, मी मागितलेला.
आमच्या परसातल्या फणसाच्या बुंध्यावरचा,
घोड्याच्या खुरासारखा, लाकडाहून टणक.
तोंड आलं की आई सहाणेवर उगाळायची,
तपकिरी, तुरट, जिभेला सुरकुती पाडणारा.
मुदस्सरची लाळ थांबायची नाही, त्यालाही तोच.
आता मुदस्सर म्हणतो, झाड आतून पोकळ झालंय,
पाडू या, गाडी लावायला जागा होईल.
पोकळ केलं ते यानेच, हे मी त्याला सांगितलं नाही.
मी पुस्तकात वाचलंय: गाभा खातो, वर्षानुवर्षं, घाई नाही.
आईला हे ठाऊक असतं तरी तिने उगाळलाच असता.

रात्रपाळीत मी तो मधोमध फोडला.
गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा आतून काढून
काचेच्या बशीत, अगारवर ठेवला.
पहिली बशी हिरवी झाली. दुसरीही.
तिसरीत काळे ठिपके.
चौथीवर अकराव्या दिवशी
हळदीच्या पाण्यात बुचकळलेल्या कापसासारखं
काहीतरी कडेकडेने सरकत होतं.
मी कुणाला बोलावलं नाही. मास्क वर ओढला आणि बघत बसले.

मुहन्नाला दिसलीच. हे काय?
फणसोंबा.
त्याने शब्द तीनदा म्हणून पाहिला, तिन्हीदा वेगळा.
किती दिवसांत फळतं?
म्हटलं, झाडावर दहा-पंधरा वर्षं.
आणि उपयोग?
लाळेला अरबीत काय म्हणतात ते आठवेना.
मी हाताने दाखवलं: बाळ, तोंड, हनुवटीवरून ओघळ.
तो हसला. मग हसता हसता थांबला,
त्याचा धाकटा पाच महिन्यांचा आहे.
"साथ देतं?" त्याने विचारलं.

बशीवर मार्करने 'फ' लिहिलाय.
फ्रीजमध्ये खालच्या कप्प्यात, रेशीच्या मागे.
काल मुदस्सरने फोटो पाठवला.
परसात ऊन फार दिसतं. गाडी पांढरी आहे, छान आहे.
मी 'छान' असं लिहून पाठवलं.
मग कडेचा तुकडा कापून नव्या बशीत हलवला,
झाकण लावलं,
तारीख घातली.